शुश्रूषेतला पहिला ‘शु’

आमच्या वॉर्डाच्या दारावर निळ्या पत्र्याची पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रुग्ण सुश्रुषा विभाग’ असं लिहिलं होतं. सरकारी रुग्णालयात माझी ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली ११ त्या पाटीखालून आत-बाहेर करण्यात गेली. तिच्यावरच्या एका शब्दात दोन चुका आहेत हे मला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी कळलं. तेही वाईत, एका वाचनालयाच्या माडीवर, लोखंडी खुर्चीत बसून.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे संस्कृतचा वर्ग भरतो. बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक कीर्तनकार, आयुर्वेदाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि मी, असे आम्ही पाचजण. सर शाळेत शिकवायचे. फळ्यावर लिहिताना खडूचा तुकडा संपेपर्यंत ते वळून बघत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकाखाली एक शब्द लिहिले: पिपासा, जिज्ञासा, मुमुक्षा, शुश्रूषा. म्हणाले, ‘‘हे सगळे इच्छेचे शब्द. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, सुटण्याची ती मुमुक्षा.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘सिस्टर, शेवटचा तुमचा. सांगा.’’

‘‘सेवा करण्याची इच्छा,’’ मी म्हणाले.

‘‘नाही. धातू श्रु आहे. ऐकण्याची इच्छा.’’

बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी पेन हातात धरून तशीच बसले. सलाईन लावणं, भांडं देणं, अंग पुसणं, जखम धुणं, कूस बदलणं, चार्ट भरणं या सगळ्याला आम्ही जो शब्द लावत होतो, त्यात यातलं काहीच नव्हतं. त्यात फक्त कान होता. सर सांगत होते की शिष्यानं गुरूचं ऐकावं, ऐकायला जवळ राहावं, जवळ राहायचं तर पाणी भरावं, पाय चेपावेत, असं करत करत या शब्दात सेवा शिरली आणि शेवटी तो आजाऱ्याच्या खाटेशी येऊन थांबला. मराठीत त्याचा पहिला अर्थ पुसलाच गेला. पाटी रंगवणाऱ्यानं स्पेलिंग चुकवलं, त्याला काय बोलायचं? आम्ही तर अर्थच चुकवला होता.

मग मला नादच लागला. दवाखान्यातल्या शब्दांना उलटंपालटं करून बघायचं. वैद्य म्हणजे विद्या असलेला, जाणता. हकीम अरबीतला, त्याच्या मुळाशी शहाणपण. डॉक्टर लॅटिनमधला, मुळात शिकवणारा. तीन भाषांतले तीन जाणकार. खाटेच्या या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येकानं ज्ञानावरून नाव दिलं. आमची नावं बघा. नर्स लॅटिनमधल्या पोसण्यावरून, म्हणजे अंगावर पाजण्यापासून आलेली. सिस्टर ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींकडून आलेली, म्हणजे बहीण. परिचारिका म्हणजे अवतीभवती फिरणारी. ज्ञानाचा पत्ता कुठेच नाही. आधी थोडं लागलं मला ते. तीन वर्षांचा कोर्स आम्हीही केला होता, शरीरशास्त्राच्या परीक्षा आम्हीही दिल्या होत्या.

पण सरांनी आणखी एक शब्द पुढे केला. वेदना. त्याचाही धातू विद्, जाणणं. जुन्या ग्रंथांत वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. सुखाची जाणीवही वेदनाच. बौद्ध परंपरेत तर सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तीन वेदना मोजतात. मराठीनं त्यातलं दुःख तेवढं ठेवलं. तेव्हा वैद्य आणि वेदना ही एकाच घरातली भावंडं निघाली. खाटेजवळ उभा आहे त्याच्याकडे एक जाणणं आहे, खाटेवर पडला आहे त्याच्याकडे दुसरं. डॉक्टरांना रोग माहीत असतो, रोग्याला तो कळत असतो. आणि ही दोन ज्ञानं एकमेकांना भेटायची तर मध्ये कुणीतरी ऐकणारं लागतं. मग मला माझ्या शब्दातला कान कमीपणाचा वाटेनासा झाला.

कळणं आणि सांगणं यात आपल्या बायाबापड्या फार तरबेज असतात. दुखणं म्हटलं की पुस्तकात एकच शब्द. वॉर्डात ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी, कळ वेगळी, चमक वेगळी, सणक वेगळी. पोटात मुरडा येतो, पायात गोळे येतात, पाठीत उसण भरते, तळव्यांची आग होते. तापाच्या आधी अंगात कसकस असते. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये दुखण्याची प्रश्नावली केली, तिच्यात ७८ शब्द आहेत असं आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला तेव्हा वाटलं, आमच्या फिमेल वॉर्डात एक दिवस बसला असता तर याची वही अपुरी पडली असती. आणि खेड्यातली म्हातारी ‘अंग मोडून आलंय’ म्हणते तेव्हा ती नकळत धातुपाठच म्हणत असते, कारण रोग आणि रुग्ण हे शब्द ज्या रुज् पासून आले त्याचा अर्थ मोडणं. रुग्ण म्हणजे मोडलेला. केसपेपरवर आम्ही त्याचं ‘बॉडीएक’ करायचो आणि मोडणं निघून जायचं.

हे सगळं कळून मजा वाटावी, वाटलीही. पण त्याच आठवड्यात मला एक भिंतीवरचं घड्याळ आठवलं आणि मजा तिथेच थांबली.

साल १९९६ असावं. मेल मेडिकलला माझी नाईट होती. खाट नंबर १४ वर एस.टी.तून निवृत्त झालेला एक चालक होता. हृदय थकलेलं, पायावर सूज, दोन उशा लावल्याशिवाय झोप नाही. पहिल्या रात्री त्यानं हाक मारली. गेले. म्हणाला, ‘‘सिस्टर, तुमचं घड्याळ पुढं हाय.’’ मी म्हटलं, ‘‘असू द्या आजोबा, झोपा.’’ दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. नाडी बघितली, ऑक्सिजन बघितला, पायाची सूज दाबून बघितली. ‘‘दुखतंय का कुठं?’’ नाही. ‘‘दम लागतोय का?’’ नाही. ‘‘घड्याळ पुढं हाय.’’ तिसऱ्या रात्री त्यानं उशाखालून एच.एम.टी.चं मनगटी घड्याळ काढून मला दाखवलं. पलीकडे एका पोराला झटके येत होते. मी वळले आणि सकाळी ड्यूटी देताना वहीत लिहिलं, असंबद्ध बोलतो.

घड्याळ खरोखरच पुढे होतं. दहा मिनिटं. आम्हीच ठेवलं होतं. ड्यूटीवर येणाऱ्याला उशीर होऊ नये म्हणून सगळ्या वॉर्डांत असं करायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की मनातल्या मनात दहा वजा व्हायचे आणि आपण वजा करतोय हेही लक्षात राहायचं नाही. पण दारावरचे मामा वजाबाकी करत नव्हते. भेटीची वेळ सहापर्यंत. भिंतीवर सहा वाजले की ते नातेवाइकांना बाहेर काढायचे. या माणसाची बायको ज्या गाडीनं यायची ती साडेपाचच्या आसपास पोचायची.

पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. सामान न्यायला ती आली. धोतर, चष्मा, स्टीलचा तांब्या, घड्याळ. घड्याळ तिनं हातात घेतलं, कानाला लावलं, मग भिंतीकडे बघितलं. ‘‘मागं पडलंय वाटतं,’’ म्हणाली. आणि किल्ली ओढून तिनं काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

त्याला औषध चुकलं नव्हतं. इंजेक्शनं वेळेवर होती, मीठ बंद होतं, लघवीचं माप रोज लिहिलेलं. चौकशी झाली असती तर कुणाला एक ओळ काढता आली नसती. आयुर्वेद शिकणाऱ्या त्या मुलीनं मला चरकसंहितेतले चिकित्सेचे चार पाय समजावून दिले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाला चार-चार गुण, एकूण सोळा. परिचारकाला उपचारांची माहिती हवी, दक्षता हवी, माया हवी, स्वच्छता हवी. मी मनात बोटं मोजत होते. तीनांत तरी पास. मग तिनं रोग्याचे चार गुण सांगितले, त्यात एक होता ज्ञापकत्व. आपल्याला काय होतंय ते दुसऱ्याला कळवता येणं. त्या चालकाकडे तो गुण भरपूर होता. त्यानं तीन रात्री कळवलं, पुरावा म्हणून घड्याळही काढून दाखवलं. रोग्यानं सांगणं हा जर गुण असेल, तर कुणीतरी ऐकणं हे चरकानं गृहीतच धरलं असणार.

आता जो प्रश्न मला सोडत नाही तो व्याकरणाचा आहे की धर्माचा, मला ठरवता येत नाही. शुश्रूषा ही इच्छा असेल तर ती कर्तव्य कशी होणार? ड्यूटी लावता येते, इच्छा लावता येत नाही. मेट्रन मला सांगू शकते की दर चार तासांनी ताप बघ. ‘तुला ऐकावंसं वाटलं पाहिजे’ असा आदेश कुणी कसा काढेल? आणि दुसरीकडून पाहिलं तर आपले सगळे संत, शास्त्रं, बुद्धसुद्धा, इच्छा कमी करा म्हणून सांगतात. मग सेवेचाच शब्द इच्छेपासून का बनावा?

मी हे सरांना विचारलं. ते लगेच उत्तर देत नाहीत, सूत्र देतात. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, पाचव्या सूत्रात, तीन धातू एकत्र येतात. गुप्, तिज् आणि कित्. त्यांच्यापासून तीन शब्द होतात: जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा. किळस, सोसणं आणि इलाज. मला हसूच आलं. म्हटलं, ‘‘सर, हे सूत्र नव्हे, ही आमची नाईट ड्यूटी आहे.’’ पहिल्या वर्षी गँग्रीनचं ड्रेसिंग उघडताना किळस. मग हळूहळू सोसणं. मग हाताला आलेला इलाज. कोणत्याही नर्सचं आयुष्य याच क्रमानं जातं. आणि सोसणं तर आमच्या पेशंटच्या नावातही आहे. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच सोसणारा. खाटेच्या दोन्ही बाजूंना तितिक्षा.

सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘गंमत पुढे आहे. हे तिन्ही शब्द दिसतात इच्छेचेच, तसेच बांधलेले. पण व्याकरणकार सांगतात की या तिघांत इच्छेचा अर्थ नाही. रूप आहे, इच्छा नाही. खरी इच्छा त्यानंतरच्या सातव्या सूत्रापासून. शुश्रूषा तिथली.’’

घरी येताना कृष्णेच्या घाटावर बराच वेळ बसले. रूप आहे, इच्छा नाही. माझ्या नोकरीचं एवढं नेमकं वर्णन कुठल्या गोपनीय अहवालातही आलं नव्हतं. ‘कसं वाटतंय आजोबा?’ असं मी रोज साठ खाटांना विचारत होते, पुढच्या खाटेकडे पाय वळलेले असताना. प्रश्नाचं रूप होतं. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि पुढे त्यातून स्टेथोस्कोप झाला. ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ ‘छाती पाहणारा’. ऐकण्याच्या हत्याराला नाव दिलं पाहण्याचं! आम्ही त्याच्या उलट केलं. पाटीवर ऐकणं लिहिलं आणि आत नुसतं बघत राहिलो.

पूजेतही असंच आहे, हे कीर्तनकार बुवांमुळे लक्षात आलं. उपचार हा शब्द देवघरातही आहे आणि दवाखान्यातही. षोडशोपचार पूजेत देवाला आसन देतात, पाय धुतात, स्नान घालतात, वस्त्र नेसवतात, नैवेद्य दाखवतात. पंढरपूरला विठ्ठलाच्या सेवेकऱ्यांत परिचारक म्हणून एक परंपरेचा मानच होता. सकाळी सहाला आम्ही स्पंजिंग घ्यायचो तेव्हा क्रम जवळपास हाच. पाठ टेकवा, तोंड धुवा, अंग पुसा, गाऊन बदला, चहा द्या. मी एकदा बुवांना म्हटलं, ‘‘आमच्या देवांत आणि तुमच्या देवात फरक एवढाच, की आमचे बोलतात.’’ बुवा म्हणाले, ‘‘आमचाही बोलतो बाई, तुम्ही ऐकलं पाहिजे.’’ मी वाद घातला नाही. पण मनात ठेवलं, की उपचार दगडालाही करता येतात. औपचारिक हा शब्द उगाच नाही झाला. शुश्रूषा मात्र समोर बोलणारा कुणी आहे असं मानल्याशिवाय सुरूच होत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये नर्सिंगवरचं आपलं पुस्तक काढलं, त्यात त्या म्हणतात की हा शब्द दुसरा बरा मिळत नाही म्हणून वापरते, कारण लोकांच्या लेखी त्यात औषध पाजणं आणि पोटीस बांधणं एवढंच उरलंय. त्याच पुस्तकात रोग्याला ‘होईल हो बरं’ म्हणून खोटा धीर देणाऱ्यांवर त्यांनी अख्खं प्रकरण खर्च केलंय. कोर्सला असताना मला ते विनोदी वाटलं होतं. आता वाटतं, ‘होईल बरं’ हे वाक्य बहुतेक वेळा समोरच्याचं बोलणं थांबवायला वापरतात. ‘झोपा आजोबा’ हे माझं वाक्य त्याच जातीचं.

इच्छा कमी करा म्हणणाऱ्या शास्त्रांचं काय, हे कोडं सरांनी थोडं सोपं केलं. वेदान्तात साधकाला जे चार गुण लागतात, त्यात वैराग्यही आहे आणि मुमुक्षाही. फळ भोगायची इच्छा सोडायची, पण सुटण्याची इच्छा धरायची. दोन्ही एकाच यादीत. म्हणजे सगळ्या इच्छा एका मापाच्या नाहीत. पिपासा पाणी प्यायल्यावर माझ्या पोटात संपते. ऐकण्याची इच्छा माझ्यापाशी संपत नाही; ती समोरच्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसते, आणि तो काय बोलेल ते माझ्या हातात नसतं. रोगी बरा होईल का, हेही तिच्या हातात नसतं. त्या अर्थानं ती निष्काम म्हणायला हरकत नाही. तो चालक काही केल्या जगला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. डॉक्टरांचं निदान बरोबर होतं. पण निदान या शब्दाचा मराठीत दुसरा एक अर्थ आहे, आणि तो आपण रोज वापरतो. निदान दहा मिनिटं.

पण न वाटणारी इच्छा आणायची कुठून, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचं उत्तर सरांना मी विचारलंही नव्हतं. एका शुक्रवारी ते शुश्रूषा हे रूप तयार कसं होतं ते फळ्यावर फोडून दाखवत होते. श्रु. मग त्याचं द्वित्व, म्हणजे धातू दोनदा म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना तो अर्धवट उच्चारला जातो, अडखळल्यासारखा: शु. मग पुरा: श्रू. ‘‘या पहिल्या अर्धवट तुकड्याला पाणिनीनं नाव दिलंय,’’ सर म्हणाले. ‘‘अभ्यास.’’

मी विचारलं, ‘‘आपण करतो तो?’’

‘‘शब्द तोच. पुन्हा पुन्हा करणं.’’

सर पुढच्या रूपाकडे गेले. मी तिथेच राहिले. आधी इच्छा आणि मग ऐकणं असा क्रम मी धरून बसले होते. इच्छाच नसेल तर काय करणार, अशी ती पळवाट होती. शब्द वेगळं सांगत होता. आधी अर्धवट, अडखळत ऐकायचं. ते पुन्हा ऐकायचं. या दोहोंतून पुढे इच्छा तयार होते. योगशास्त्रात आणि गीतेत अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी सांगितली आहे, तिथे मन आवरण्यासाठी. मला तो शब्द खाटेजवळच्या स्टुलावर बसलेला दिसला. इच्छेची ड्यूटी लावता येत नाही, हे खरं. पण त्या पहिल्या ‘शु’ची लावता येते. तिसऱ्या रात्री त्यानं घड्याळ पुढे केलं तेव्हा मला काही वाटायची गरज नव्हती. ‘‘कुणाचं पुढं आहे, आजोबा?’’ एवढं विचारलं असतं, तर वाटणं मागून आलं असतं.

आमच्या घरी सध्या वन्सं असतात, माझ्या यजमानांच्या मोठ्या बहीण. ८६ वय, खुबा मोडल्यापासून अंथरुणावर. दिवसातून वीस वेळा विचारतात, ‘‘दूधवाला आला का गं?’’ दूध आता पिशवीतून येतं. दोन वर्षं मी स्वयंपाकघरातूनच ‘‘हो, आला’’ म्हणत होते. भांडी घासता घासता, न वळता. गेल्या श्रावणात एकदा हात पुसून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, ‘‘कुठला दूधवाला, वन्सं?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागल्या. लग्न होऊन त्या वाड्यात गेल्या तेव्हा गवळ्याला माप घेऊन पैसे द्यायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सासूबाई पैसे मोजून ठेवायच्या, आणि गवळी माप देताना त्यांना माहेरच्या गावची खबर द्यायचा, कारण त्याची बहीण त्याच गावात दिली होती. त्या घरात माहेरचं एवढंच काय ते यायचं. ‘‘आज आला नाही अजून,’’ त्या म्हणाल्या. मग स्वस्थ पडून राहिल्या. स्वस्थ म्हणजे स्वतःत असलेला, असं सरांनी सांगितलंय. त्या दुपारी त्या खुब्यासकट स्वस्थ होत्या.

हे लिहून मी शहाणी झाले असं कुणी समजू नये. परवा कुकरची शिट्टी होत होती, फोन वाजत होता, आणि आतून आवाज आला, ‘‘दूधवाला आला का गं?’’ मी म्हटलं, ‘‘हो, आला.’’ मग गॅस बंद केला आणि हात पुसत आत गेले.